ज्यूल मास्ने : तीन मिनिटांच्या तबकडीत मावलेला आणि न मावलेला

कर्ण्याचा_नाद

मंडळी, जुन्या हिंदुस्थानी तबकड्यांवर इथे भरपूर लिहून झालंय. आज जरा लांबचा विषय काढतो.

ज्यूल मास्ने (१८४२–१९१२) हा फ्रेंच ऑपेराकार. 'मानों', 'वेर्तेर' आणि 'ताईस' हे त्याचे ऑपेरा आजही जगभर होतात. 'ताईस'मधला 'मेदितास्यों' हा व्हायोलिनचा तुकडा तर ऑपेराच्या वाटेला कधी न गेलेल्यांच्याही कानावरून गेलेला असतो.

हा माणूस स्वतः पियानोवर बसलाय असं एकच मुद्रण आज ज्ञात आहे. साल १९०३. जॉर्जेत लब्लाँ ही गायिका 'साफो' या त्याच्या ऑपेरातला एक तुकडा गाते, साथीला मास्ने. 'वर्षभर मी तुझी बायको होते' अशी त्या ओळीची सुरुवात आहे. हे मुद्रण विक्रीसाठी केलेलंच नव्हतं. पुढे २००८ साली ग्रीग, सें-साँस, दब्यूसी या संगीतकारांच्या त्याच काळातल्या मुद्रणांबरोबर ते सीडीवर आलं. मी ते पुन्हा पुन्हा ऐकतोय आणि माझं एक मत पक्कं होत चाललंय.

तबकड्यांनी मास्नेला घरोघरी नेलं, पण अर्धाच नेला. तीन मिनिटांत संपणारी गोड गाणी पोचली आणि 'मधाळ चाली लिहिणारा' असा शिक्का बसला. खरा मास्ने मला दिसतो तो दोन माणसं समोरासमोर उभी राहून एकमेकांना काही सांगू पाहतात तिथे. बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं ते कळू न देणं ही त्याची कला. आणि त्याच्या स्वतःच्या हातची जी एकमेव तबकडी आहे, ती नेमकी अशा प्रसंगाची आहे.

तर, मास्नेच्या हयातीतल्या किंवा लगेच नंतरच्या कोणकोणत्या मुद्रणांत तुम्हाला तो ऐकू येतो? आणि ज्यांनी त्याचे ऑपेरा रंगमंचावर पाहिलेत त्यांना माझं म्हणणं पटतं का?

मीनाक्षी_ठाणे

छान विषय. पण आमच्यासारख्यांना आधी माणूस कोण ते सांगा ना. जन्म, शिक्षण, घरदार. नाहीतर चर्चा डोक्यावरून जायची.

कर्ण्याचा_नाद

सांगतो, ताई.

जन्म १२ मे १८४२, सेंत-एत्येनजवळच्या मॉन्तो गावात. वडिलांचा लोखंडाचा कारखाना. पियानोचे पहिले धडे आईकडून. कुटुंब पॅरिसला आलं आणि अकराव्या वर्षी पोरगा कॉन्झर्व्हातवारमध्ये, म्हणजे तिथल्या संगीत विद्यालयात, दाखल झाला. १८५९ साली पियानोचं पहिलं बक्षीस मिळवलं, म्हणजे त्या तबकडीतला साथीदार चांगला तयारीचा आहे हे ध्यानात ठेवा. शिकताना पोटापाण्यासाठी थिएटरच्या वाद्यवृंदात टिंपनी हे नगाऱ्यासारखं वाद्य वाजवायचा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ऑपेरा चालतो कसा हे त्याने वाद्यवृंदाच्या खड्ड्यात बसून रोज रात्री पाहिलं.

१८६३ मध्ये संगीतकारांसाठीचं 'प्री द रोम' हे बक्षीस मिळालं, त्यामुळे रोमला राहायला मिळालं. तिथे नामांकित पियानोवादक आणि संगीतकार लिस्टशी गाठ पडली. लिस्टनेच आपली एक शिष्या पियानो शिकवायला त्याच्याकडे सोपवली आणि १८६६ साली त्याने तिच्याशी लग्न केलं. १८७०-७१ च्या युद्धात नॅशनल गार्डमध्ये होता. मोठं नाव झालं १८७७ साली, 'लाहोरचा राजा' या ऑपेराने. मग १८८४ ला 'मानों', १८९२ ला 'वेर्तेर', १८९४ ला 'ताईस', १८९९ ला 'सिंड्रेला', १९१० ला 'दों किशोत'. पहाटे उठून लिहायला बसायची सवय शेवटपर्यंत. १८७८ ते १८९६ कॉन्झर्व्हातवारमध्ये रचना शिकवली. शार्पांतिए, रेनाल्दो आन, शोसों, एनेस्कू हे सगळे त्याचे विद्यार्थी.

आणखी एक. तेरा या आकड्याची त्याला धास्ती होती. हस्तलिखितात बारानंतर तेरावं पान लिहायचं टाळायचा. वारला तो १३ ऑगस्ट १९१२ ला.

बेलापूरचा_बाळ

तेरा तारखेचं वाचून अंगावर काटा आला राव.

गोदातीर

थांबा थांबा. 'लाहोरचा राजा'बद्दल एवढ्यावर सोडू नका. त्यातल्या खलनायकाचं नाव सिंदिया आहे! म्हणजे आपले शिंदे.

गोष्ट अशी आहे. लाहोरचा राजा अलीम आणि इंद्राच्या देवळातली पुजारीण सीता यांचं प्रेम. प्रधान सिंदियाचाही तिच्यावर डोळा. परकीय स्वारीच्या गडबडीत सिंदिया राजाला मारतो. राजा मेरू पर्वतावर इंद्राच्या स्वर्गात पोचतो, तिथे त्याचं मन रमत नाही. मग इंद्र त्याला परत पृथ्वीवर पाठवतो, पण राजा म्हणून नाही, भिकारी म्हणून. आणि अट अशी की सीता मरेल त्याच क्षणी तोही मरेल. काळ अकराव्या शतकाचा. ग्वाल्हेरचे शिंदे आले त्यानंतर सहा-सातशे वर्षांनी, आणि लाहोरशी त्यांचा तसा काय संबंध! पॅरिसच्या पाले गार्निए या ऑपेरा-थिएटरला तेव्हा उघडून दोनच वर्षं झाली होती. त्या भव्य रंगमंचावर इंद्रसभा, नाच, दिवे असा थाट उडवून दिला होता.

अण्णा_मिरजकर

खलनायक शिंदे! कोल्हापूरच्या आमच्या शिंदेसरांना दाखवायला हवं. ते म्हणतील, "प्रधान केलाय ना, मग हरकत नाही."

मंद्र

गोदातीर, हसण्यावारी नेऊ नका, त्या सिंदियाच्या तोंडी फार देखणी चीज आहे. 'प्रोमेस द मोन आवनीर'. बॅरिटोनांची, म्हणजे मधल्या पट्टीत गाणाऱ्या पुरुषांची, आवडती. मातिया बातिस्तिनी या इटालियन बॅरिटोनने ती इटालियनमधून गाऊन ठेवलीय. खलनायक आहे हे विसरायला लावतो. धागाकर्त्याला माझा पहिला विरोध इथेच नोंदवते. ही तीन-चार मिनिटांची सुटी चीज आहे आणि तरी तीत आख्खा माणूस उभा राहतो. लहान म्हणजे कमी, असं कशावरून?

मी पाश्चात्त्य गायन शिकलेय, त्यामुळे एक सांगावंसं वाटतं. मास्नेच्या चिजांचा कागद उघडला की दर दोन मात्रांवर सूचना लिहिलेल्या असतात. इथे किंचित थांब, इथे आवाज आवर, इथे बोलल्यासारखं म्हण, इथे पुन्हा मूळ लयीत ये. इटालियन ऑपेराकार व्हर्दीच्या कागदापेक्षा हा कागद पाहूनच छाती दडपते. त्यामुळे 'जुने गायक मनाला येईल तसं ओढत-ताणत' असं कोणी म्हटलं की मी कागद उघडून दाखवते. बरंचसं ओढणं-ताणणं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय.

श्रीरंग_नगर

मला एक कळत नाही. १९०३ सालच्या त्या खरखरीत माणूस काय ऐकणार? कढईत भजी तळल्यासारखा आवाज येतो. मागचा पियानो शेजारच्या घरातून आल्यासारखा. आज इतक्या उत्तम ध्वनीत तेच ऑपेरा मिळत असताना हा हट्ट कशासाठी? 'जुनं ते सोनं' म्हणायची आपल्याला सवय आहे, एवढंच.

चक्रधर_काका

श्रीरंगराव, मी आयुष्यभर यंत्रांत काम केलं, म्हणून यंत्राच्या बाजूने बोलतो.

त्या वेळी मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याने पत्र्याच्या कर्ण्यात तोंड घालून गायचं. कर्ण्याच्या टोकाला पडदा, पडद्याला सुई, सुई मेणाच्या चकतीवर खाच पाडत जाणार. सगळी ताकद गळ्यातून आलेली. विजेवरचं मुद्रण आलं १९२५ साली. त्याआधी खूप उंच आणि खूप खालचे सूर कर्णा पकडतच नसे. माणसाचा आवाज मधल्या पट्ट्यात बसतो, म्हणून गळा बऱ्यापैकी येतो आणि पियानो, तंतुवाद्यं मार खातात. व्हायोलिनला कर्णा जोडलेलं एक खास वाद्यही त्यासाठी निघालं होतं. तेव्हा 'खरखर' म्हणून सोडून देऊ नका. खरखरीचा जाच पहिल्या दोन मिनिटांचा. नंतर कान तिला बाजूला सारतो.

दुसरी गोष्ट याहून मोठी, वेगाची. आपण '७८ ची रेकॉर्ड' म्हणतो, पण १९०० च्या दशकातल्या तबकड्या ७८ वर मुद्रित झालेल्याच असतात असं नाही. कोणी ७२ वर घेतली, कोणी ७६ वर. फ्रान्सच्या पाते कंपनीच्या तर याहून वेगाने फिरायच्या, आतून बाहेर वाजायच्या आणि त्यांना सुईऐवजी नीलमण्याची गोळी लागायची. आता ७४ च्या आसपास घेतलेली तबकडी ७८ वर वाजवली, तर गाणं पांढरी एकचं काळी एक होतं आणि लयही त्याच प्रमाणात वाढते. जुने गायक घाईत गातात, आवाज चिरका येतो, अशी तक्रार करण्यापूर्वी वेग तपासा. मूळ ऑपेराच्या पट्टीशी जुळवून घेतला की आवाजाला एकदम वजन येतं.

श्रीरंग_नगर

काका, हे सविस्तर सांगितलंत ते बरं झालं. वेग जुळवलेली प्रत ऐकून पाहतो. पण माझा मूळ प्रश्न राहतोच. त्या आवाजातून मला असं काय मिळणार जे आजच्या गायकाकडे नाही?

मंद्र

उच्चार. बाकी काही नाही मिळालं तरी उच्चार मिळेल. पॅरिसच्या ऑपेरा-कोमिक या थिएटरात वर्षानुवर्षं गाणारी ही माणसं फ्रेंच बोलत बोलत गात. एदमाँ क्लेमाँचं 'मानों'मधलं 'स्वप्न' ऐका. नायक दे ग्रिए डोळे मिटून नायिका मानोंला सांगतो, मला रानात एक छोटं पांढरं घर दिसलं, तू नाहीस म्हणून तिथेही उदास वाटलं. क्लेमाँचा आवाज काही फार मोठा नाही, पण शब्द कानाशी येऊन सांगितल्यासारखे. आजचे मोठ्या थिएटरांचे गायक हेच हजार-दोन हजार माणसांना ऐकू जाईल असं गातात, त्यांचा इलाज नाही.

हेच 'स्वप्न' प्रसिद्ध इटालियन गायक कारूझोने १९०२ च्या एप्रिलमध्ये मिलानला इटालियनमधून गायलं. ते त्याच्या पहिल्या दहा चिजांपैकी एक, ज्यांनी ग्रामोफोनचं नशीबच पालटलं. दोन्ही एकापाठोपाठ ऐका. कारूझोचा गळा केवढा श्रीमंत! पण तो सांगत नाही, गातो.

वऱ्हाडी_वाटसरू

कारूझोचं ते मुद्रण घेणारा फ्रेड गैसबर्ग. तोच त्या वर्षीच्या नोव्हेंबरात कलकत्त्याला आला आणि त्यानेच गौहर जानचं गाणं घेतलं. एप्रिलमध्ये कारूझो, नोव्हेंबरात गौहर जान. एकाच माणसाच्या कर्ण्यासमोर!

चक्रधर_काका

अगदी. आणि अट दोघांना सारखीच, तीन मिनिटांत आटपा. ख्याल तीन मिनिटांत मांडायचा आणि ऑपेराचा प्रवेशही. आपल्याकडे त्यामुळे काय राहिलं आणि काय गेलं यावर इथे दोन धागे झालेत.

कर्ण्याचा_नाद

काका, माझा मुद्दा तुम्हीच सोपा केलात. नाटकमंडळींच्या रेकॉर्डी आठवा. बालगंधर्वांची पदं राहिली. पण पदाआधीचं गद्य, त्या गद्यातून पद उचललं जाण्याचा क्षण, तो तबकडीत कुठून येणार? ज्यांनी नाटक पाहिलं नाही त्यांना पद म्हणजेच नाटक वाटतं. मास्नेचं असंच झालं. 'वेर्तेर'मध्ये नायिका शार्लोत एकटी बसून वेर्तेरची जुनी पत्रं वाचते तो प्रवेश घ्या. ती वाचते, थबकते, पुढचं पत्र उघडते, मनातलं ओठावर येतं. यात टाळीची जागा नाही आणि गुणगुणायला ओळ नाही. अशा प्रवेशाला तीन मिनिटांच्या तबकडीवर कोण जागा देणार?

मंद्र, तुमच्या विरोधावर विचार केला. सिंदियाची चीज सुंदरच आहे, पण ती १८७७ ची आहे, मोठ्या ऑपेराच्या जुन्या साच्यातली. मी म्हणतोय तो मास्ने 'मानों'पासून पुढचा.

मंद्र

मग 'मानों'मधलंच घ्या. 'आमच्या लहानशा टेबला, येते रे' म्हणून मानों टेबलाचा निरोप घेते. दोन-अडीच मिनिटांची चीज. एकाच पेल्यातून दोघं पाणी प्यायची, दुसऱ्याचे ओठ पेल्यावर शोधायची, एवढंच ती सांगते. त्यात सूर जवळजवळ हलतच नाहीत, पुटपुटणंच आहे. तबकडीत पूर्ण बसते आणि तरीही ती तुमचा 'बोलता' मास्ने आहे. तेव्हा दोष तबकडीच्या लांबीला देऊ नका. लोकांनी काय निवडून ऐकलं त्याला द्या.

कर्ण्याचा_नाद

हे मान्य. आणि हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे! लांबी हा निम्माच भाग. उरलेला निम्मा श्रोत्यांच्या आवडीचा.

सायली_लियों

फ्रान्समध्ये राहते, म्हणून भर घालते. त्या १९०३ च्या तबकडीतली जॉर्जेत लब्लाँ स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. तिचा भाऊ मोरीस लब्लाँ, म्हणजे आर्सेन ल्युपें या सभ्य चोराच्या गोष्टी लिहिणारा लेखक. आणि तिचा जोडीदार बेल्जियन नाटककार मोरीस मेटरलिंक.

मेटरलिंकच्या 'पेलेआस आणि मेलिसांद' नाटकावर दब्यूसीने ऑपेरा केला. मेटरलिंक धरून बसला होता की मेलिसांद लब्लाँच करणार. ऑपेरा-कोमिकने भूमिका दिली मेरी गार्डन या स्कॉटिश मुलीला. मेटरलिंक इतका भडकला की कोर्ट, वर्तमानपत्रं, मारामारीची धमकी, सगळं झालं. तरी १९०२ च्या एप्रिलमध्ये गार्डनच उभी राहिली.

आता पुढचं बघा. १९०३ साली लब्लाँ मास्नेच्या साथीने गाते. १९०४ साली मेरी गार्डन दब्यूसीच्या साथीने गाते, 'पेलेआस'मधला केसांचा तुकडा आणि तीन गाणी. ज्या दोघींत ती भूमिका अडकली होती, त्या दोघींचे आवाज दोन मोठ्या फ्रेंच संगीतकारांच्या बोटांबरोबर जपले गेले. दोन्ही मुद्रणं पॅरिसचीच.

मीनाक्षी_ठाणे

अगं बाई! सायली, यावर लेख लिही.

बेलापूरचा_बाळ

ल्युपेंची बहीण म्हटल्यावर आता ती तबकडी ऐकणं आलंच.

अण्णा_मिरजकर

सें-साँसचं नाव वर आलं म्हणून एक किस्सा. १८७८ साली फ्रान्सच्या ललित कला अकादमीच्या जागेसाठी दोघं उभे होते. सें-साँस सात वर्षांनी मोठा, त्याला जागा मिळणार असं सगळे धरून चाललेले. निवडून आला छत्तीस वर्षांचा मास्ने. असं सांगतात की मास्नेने लगेच तार केली, अकादमीने मोठाच अन्याय केला. सें-साँसची उलट तार, मी पूर्ण सहमत आहे.

वऱ्हाडी_वाटसरू

हा किस्सा आपल्याकडे कोणत्याही दोन बुवांच्या नावावर खपेल.

गोदातीर

मूळ भूमिका करणाऱ्यांपैकी कोणाकोणाचे आवाज मिळतात? मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. ज्यांना संगीतकाराने समोर बसवून शिकवलं, तेच खरे साक्षीदार.

कर्ण्याचा_नाद

इथे मन जरा खट्टू होतं. पहिली मानों, मारी हाईलब्रों, १८८६ सालीच गेली. पहिला दे ग्रिए तालाझाक १८९६ ला. 'एस्क्लारमोंद' आणि 'ताईस' ज्या अमेरिकन सिबिल सँडरसनसाठी लिहिले, ती १९०३ साली वारली, तिचा आवाज कुठेच नाही. आपल्या भास्करबुवा बखल्यांची गत तीच. लोक सांगतात, आपण मान डोलावतो, ऐकायला काही नाही. 'ल सिद'चा पहिला नायक जाँ द रेस्के न्यूयॉर्कच्या मेपलसन सिलिंडरांवर अस्पष्टसा आहे. मेट्रोपोलिटन ऑपेराचे ग्रंथपाल मेपलसन यांनी १९०१ ते १९०३ मध्ये चालू प्रयोगात घेतलेल्या मेणाच्या नळकांड्या त्या. विहिरीच्या तळातून आल्यासारखा आवाज.

पण काही जण पदरात पडले. 'साफो'ची पहिली नायिका एम्मा काल्वे १९०२ पासून भरपूर गायली. आणि माझा सगळ्यात लाडका ल्युसियाँ फ्यूझेर. जन्म १८४८. 'ग्रिझेलिदिस'मधला सैतान आणि 'सिंड्रेला'मधले तिचे भाबडे वडील या मूळ भूमिका त्याच्या. 'दों किशोत' पॅरिसला आला तेव्हा सांचो तोच. त्याने ऐंशी पार केल्यावर मायक्रोफोनसमोर मुद्रणं दिली! आवाज जुना झालाय पण शब्द न् शब्द वेचून घ्यावा असा. हा माणूस मास्नेच्या हाताखाली तालमी करून आलाय, विनोद कुठे आवाजात ठेवायचा आणि कुठे नुसत्या शब्दात, हे त्याच्याकडून शिकावं.

मंद्र

फ्यूझेरला माझे शंभर गुण. श्रीरंगराव, खरखरीची भीती वाटत असेल तर इथूनच सुरुवात करा, विजेवरची मुद्रणं आहेत.

चक्रधर_काका

'दों किशोत'वरून रशियन गायक शालियापिन आठवला. १९१० ला माँते कार्लोत नायक तोच होता, ऑपेरा त्याच्यासाठीच लिहिलेला. १९२७ साली त्याने त्यातला मृत्यूचा प्रवेश मुद्रित केला. मरणारा दों किशोतही तोच गातो आणि शेजारी बसून रडणारा सांचोही तोच. एकट्याने दोन आवाज. तबकडी आहे हे विसरायला होतं. नाटक समोर घडतं.

हे धागाकर्त्याच्या म्हणण्याला पूरकच आहे. या प्रवेशात सुरावट म्हणावी अशी थोडीच, जवळजवळ सगळा संवादच आहे. तबकडीवर तो मावला, कारण शालियापिन एवढा मोठा होता की त्याने म्हटलं ते कंपनीने घेतलं असणार.

श्रीरंग_नगर

काका, तुमच्या सांगण्यावरून वेग जुळवलेली क्लेमाँची प्रत ऐकली, मग शालियापिन. शालियापिनने हललो. क्लेमाँबद्दल मंद्रताई म्हणतात ते निम्मं पटलं. शब्द येतात, पण मागचा वाद्यवृंद म्हणजे लग्नातला बँड वाटला. मास्नेसारख्या वाद्यरचनाकाराला हे कर्णे न्याय देत नाहीत, एवढं माझं म्हणणं मी सोडणार नाही.

सायली_लियों

श्रीरंग यांचा हा मुद्दा अगदी रास्त आहे. 'वेर्तेर'च्या तिसऱ्या अंकात शार्लोत अश्रूंबद्दल गाते, 'वाहू दे त्यांना' असं. तिथे मागे अल्टो सॅक्सोफोन आहे. १८९२ च्या ऑपेरात सॅक्सोफोन! तो तिच्या आवाजाला बिलगून चालतो. मी हा ऑपेरा पाहिला तेव्हा त्या जागी शेजारच्या आजोबांनी चष्मा काढून डोळे पुसले. कर्ण्याच्या मुद्रणात हा रंग काही केल्या येत नाही, वाद्यंच बदलून टाकायचे बिचारे. म्हणून 'वेर्तेर'साठी मी १९३१ चं कोलंबियाचं संपूर्ण मुद्रण सुचवते. निनों वालें शार्लोत, जॉर्ज तील वेर्तेर, ऑपेरा-कोमिकचाच वाद्यवृंद, संचालक एली कोएन. मास्नेला जाऊन वीसएक वर्षं झाली होती, पण थिएटर तेच आणि परंपरा तीच. धागाकर्त्याने वर लिहिलेला पत्रांचा प्रवेश यात पूर्ण आहे आणि वालें तो वाचते. गाते असं म्हणवत नाही.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तरही देते. रंगमंचावर पाहिलेल्या माणसाला तुमचं म्हणणं पटतं. थिएटरात लोक वेर्तेरच्या 'पुर्क्वा म रेव्हेये' या प्रसिद्ध चिजेला टाळ्या देतात, पण शांत होतात ते पत्रांच्या वेळी.

गोदातीर

'वेर्तेर' आधी पॅरिसला न होता व्हिएन्नाला का झाला? कुठेतरी आगीचं वाचलंय.

अण्णा_मिरजकर

१८८७ च्या मेमध्ये ऑपेरा-कोमिकला प्रयोग चालू असताना आग लागली, कितीतरी माणसं गेली. त्याआधीच थिएटरच्या संचालकाला 'वेर्तेर' फार उदास वाटला होता. मग व्हिएन्नाला 'मानों' गाजला आणि त्यांनी पुढचा ऑपेरा मागितला, तेव्हा १६ फेब्रुवारी १८९२ ला जर्मन भाषेत पहिला प्रयोग. मास्नेच्या आठवणींच्या पुस्तकात हे सगळं रंगवून आलंय. त्यातल्या तपशिलांवर अभ्यासक फार विसंबत नाहीत, पण वाचायला मजा येते.

मंद्र

आणि बातिस्तिनीसाठी त्याने 'वेर्तेर'ची नायकाची भूमिका स्वतः बॅरिटोनच्या पट्टीत उतरवून दिली, १९०२ साली. बातिस्तिनीची ती तबकडीही आहे. श्रेष्ठ गायक दारात आला तर मास्ने कागद फिरवायला तयार असायचा. इतक्या बारीक सूचना लिहिणारा माणूस इतका मोकळा होता, हे दोन्ही एकत्र ठेवून बघा.

वऱ्हाडी_वाटसरू

आता १९०३ च्या त्या तबकडीकडे या की परत. तिथे तो स्वतः साथ करतोय, मग स्वतः लिहिलेल्या सूचना पाळतो का?

कर्ण्याचा_नाद

मी त्याकडे असं बघतो. 'साफो' ही दोदेच्या कादंबरीवरची गोष्ट. फॅनी चित्रकारांसमोर बसणारी, भूतकाळ असलेली बाई. जाँ प्रोव्हांसमधला साधा मुलगा. तिचा भूतकाळ कळल्यावर तो सोडून जातो आणि ती त्याच्या घरी जाऊन विनवते, वर्षभर मी तुझी बायको होते. विनवणी म्हटली की लय सरळ चालूच शकत नाही. माणूस घाईत सुरू करतो, अडतो, समोरच्याचा चेहरा वाचतो. साथीदाराला गाणारीच्या श्वासाबरोबर थांबावं लागतं. मास्नेने ऑपेरा-कोमिकच्या तालमींत वर्षानुवर्षं पियानोवर बसून हेच केलं होतं. म्हणून मला ही तबकडी मैफलीची वाटत नाही, तालमीची वाटते. विकायची नव्हती, त्यामुळे सजवलेलीही नाही.

मंद्र

तालमीची. हे आवडलं. मी तबकडी पुन्हा ऐकली, या वेळी गाण्याकडे लक्ष न देता फक्त पियानो धरून. तो पुढे पळत नाही आणि मागेही रेंगाळत नाही, तिचं वाक्य संपण्याची वाट बघतो. गायिकेला असा साथीदार मिळणं म्हणजे काय ते गाणाऱ्यालाच कळेल.

सायली_लियों

'साफो' आज फ्रान्समध्येही क्वचितच होतो. कुठे लागला तर इथे कळवीन.

मीनाक्षी_ठाणे

कळव गं. तोपर्यंत मी क्रम लावलाय. आज रात्री फ्यूझेर, उद्या वालेंचं पत्रवाचन, मग काकांचा शालियापिन. १९०३ ची शेवटी ठेवतेय, कान तयार झाल्यावर.

श्रीरंग_नगर

मीनाक्षीताई, उलटं करा. आधी १९०३ ची ऐका, मग बाकीच्या. बाकीच्यांत काय शोधायचं ते तीच सांगते.